लोकप्रतिनिधींना परत बोलावण्याचा अधिकार आणि महानगरपालिका : सोलापूर शहराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

निवडून दिलेल्या प्रतिनिधीला मुदतीपूर्वी परत बोलावण्याचा अधिकार मतदारांना असावा, ही मागणी भारतात स्वातंत्र्यपूर्व काळापासून होत आली आहे. मध्य प्रदेश, छत्तीसगड, राजस्थान व बिहार या राज्यांनी नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांपुरती ही तरतूद वेगवेगळ्या स्वरूपात स्वीकारली. महाराष्ट्रात थेट निवडून आलेल्या सरपंचाच्या बाबतीत ग्रामसभेला असा अधिकार मिळाला. महानगरपालिकेच्या मतदाराला तो नाही. प्रस्तुत लेखात या अधिकाराचे स्वरूप, त्याचा इतर राज्यांतील अनुभव आणि सोलापूर महानगरपालिकेच्या रचनेत तो कितपत उपयोगी पडेल, याचे विवेचन केले आहे. परत बोलावण्याचा अधिकार जेथे प्रत्यक्ष सत्ता आहे त्या पदाशी जोडला गेला नाही, तर तो मतदाराच्या हाती न राहता प्रतिस्पर्धी गटाच्या हाती जातो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : प्रत्यावाहन, अविश्वास ठराव, महानगरपालिका, बहुसदस्यीय प्रभाग, क्षेत्रसभा.

१. प्रस्तावना

पाणीपुरवठा, रस्ते, जलनिःसारण व कचरा हे सोलापूर शहराच्या नागरी जीवनातील नित्याचे प्रश्न होत. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेनऊ लाख लोकसंख्येच्या या शहराला अनेक वर्षे काही दिवसांच्या अंतराने पाणी मिळत आले आहे. नळाला पाणी येण्याचा वार लक्षात ठेवून घरातील कामांची आखणी करणे, हे येथील गृहिणींच्या अंगवळणी पडले आहे. अशा स्थितीत नागरिकांच्या बैठकांत, वृत्तपत्रांतील वाचकांच्या पत्रांत आणि महाविद्यालयांतील वादविवाद स्पर्धांत एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो : जो नगरसेवक काम करीत नाही, त्याला पाच वर्षे का सहन करावे? मतदारांनी त्याला परत का बोलावू नये?

हा प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी तीन गोष्टी तपासणे आवश्यक ठरते. पहिली, आजच्या कायद्यात मतदाराला असा काही अधिकार आहे काय? दुसरी, ज्या राज्यांत तो दिला गेला तेथील अनुभव काय सांगतो? आणि तिसरी, सोलापूरच्या नागरिकाला उद्या हा अधिकार मिळाला, तर तो नेमका कोणाविरुद्ध वापरील? पहिल्या दोन प्रश्नांची चर्चा बरीच झाली आहे. तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो, म्हणून प्रस्तुत लेखात त्यावर अधिक भर दिला आहे.

२. प्रत्यावाहन : संज्ञा व पूर्वपीठिका

राज्यशास्त्रात सार्वमत, जनउपक्रम आणि प्रत्यावाहन ही प्रत्यक्ष लोकशाहीची तीन साधने मानली जातात. पहिल्या दोन साधनांचा संबंध कायद्याशी आहे, तर प्रत्यावाहनाचा संबंध व्यक्तीशी आहे. ठरावीक संख्येच्या मतदारांनी अर्ज करावा, अर्जाची छाननी व्हावी, त्यानंतर मतदान घेतले जावे आणि बहुमत विरोधात गेल्यास प्रतिनिधीने पद सोडावे, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. अपात्रता व प्रत्यावाहन यांतील भेद येथे ध्यानात घेतला पाहिजे. अपात्रता कायद्यातील एखाद्या अटीच्या भंगामुळे येते आणि तिचा निर्णय अधिकारी अथवा न्यायालय देते. प्रत्यावाहनाला अपराध सिद्ध व्हावा लागत नाही, मतदारांचा विश्वास संपला एवढे कारण पुरेसे असते.

आधुनिक काळात या साधनाचा उदय शहरांच्याच कारभारातून झाला, ही बाब लक्षणीय आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराने १९०३ मध्ये आपल्या नगरसनदेत ही तरतूद केली. जॉन रँडॉल्फ हेन्स या डॉक्टरांनी तिचा पाठपुरावा केला होता. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, तेथील एका नगरसेवकाविरुद्ध तिचा वापर झाला. ऑरेगॉन राज्याने १९०८ मध्ये आणि कॅलिफोर्निया राज्याने १९११ मध्ये ती राज्य पातळीवर स्वीकारली. कॅलिफोर्नियात २००३ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना याच मार्गाने पद सोडावे लागले, तर २०२१ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांच्या बाजूने मतदारांनी कौल दिला. तेथे या प्रक्रियेचा आरंभ मतदारांच्या सह्यांनी होतो. भारतातील तरतुदींशी तुलना करताना हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

३. भारतातील विचारपरंपरा

भारतात ही कल्पना आयात केलेली व अलीकडची आहे, असा समज आढळतो, तो बरोबर नाही. शचींद्रनाथ सान्याल यांनी हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनसाठी लिहिलेल्या जाहीरनाम्यात, म्हणजे १९२४-२५ च्या सुमारास, भावी प्रजासत्ताकातील मतदारांना प्रतिनिधी परत बोलावण्याचा अधिकार असावा असे म्हटले होते. मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९४४ मध्ये मांडलेल्या संविधानाच्या मसुद्यातही विकेंद्रित सत्तेबरोबर हा विचार होता. स्वातंत्र्यानंतर १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाने या मागणीला जनमानसात स्थान मिळवून दिले. त्याच वर्षी सी. के. चंद्रप्पन यांनी लोकसभेत मांडलेले यासंबंधीचे घटनादुरुस्ती विधेयक मात्र संमत झाले नाही. २०११ मध्ये अण्णा हजारे यांनी लोकपालाच्या आंदोलनानंतर या अधिकाराची मागणी पुढे आणली, तेव्हा तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी यांनी ती भारतासारख्या देशात व्यवहार्य नाही असे मत व्यक्त केले. २०१६ मध्ये वरुण गांधी यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडले. त्याचाही कायदा झाला नाही.

संसद व विधानसभा यांच्या पातळीवर ही मागणी पुढे सरकली नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या बाबतीत मात्र राज्यांना मोकळीक होती. या संस्थांची रचना राज्यांच्या कायद्यांनी ठरते, आणि १ जून १९९३ पासून अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनेही ती मोकळीक बऱ्याच अंशी कायम ठेवली.

न्यायालयीन भूमिकाही येथे पाहिली पाहिजे. 'मोहनलाल त्रिपाठी विरुद्ध जिल्हा दंडाधिकारी, रायबरेली' या १९९२ च्या प्रकरणात थेट जनतेतून निवडून आलेल्या नगराध्यक्षाला नगरपालिकेचे सदस्य अविश्वास ठरावाने दूर करू शकतात काय, असा प्रश्न होता. निवडून येणे व पदावर राहणे हे कायद्याने दिलेले अधिकार आहेत आणि कायदा ज्या पद्धतीने पद काढून घेण्यास सांगतो ती पद्धत केवळ लोकशाहीच्या अमूर्त कल्पनेच्या आधारे अवैध ठरविता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. १९९८ च्या 'राम बेटी' प्रकरणात उत्तर प्रदेशातील ग्रामप्रधानाच्या संदर्भात हीच दिशा कायम राहिली. याचा अर्थ असा की, प्रत्यावाहनाची तरतूद करणे अथवा न करणे आणि तिचा आरंभ कोणाच्या हाती द्यावा हे ठरविणे, हा कायदेमंडळाच्या धोरणाचा भाग आहे.

४. इतर राज्यांतील अनुभव : 'भरी कुर्सी' आणि 'खाली कुर्सी'

मध्य प्रदेशाने नगरपालिका अधिनियमाच्या कलम ४७ मध्ये थेट निवडून आलेल्या अध्यक्षाला परत बोलावण्याची तरतूद केली. महापौरासाठीही समांतर तरतूद झाली. तिची पद्धत पुढीलप्रमाणे होती. अध्यक्षाला पदावर येऊन किमान दोन वर्षे झाल्यावर एकूण निर्वाचित नगरसेवकांपैकी तीन-चतुर्थांश सदस्यांनी सह्या करून जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव द्यावयाचा. जिल्हाधिकाऱ्यांनी खातरजमा करून तो शासनाकडे व शासनाने राज्य निवडणूक आयोगाकडे पाठवावयाचा. त्यानंतर शहरातील सर्व मतदारांचे गुप्त मतदान घ्यावयाचे. मतपत्रिकेवर 'भरी कुर्सी' आणि 'खाली कुर्सी' अशी दोन चिन्हे असत, त्यामुळे निरक्षर मतदारालाही आपले मत सहज नोंदविता येई.

तत्कालीन शहडोल जिल्ह्यातील अनूपपूर येथे २००१ मध्ये नगरपालिकेच्या अध्यक्षांना मतदारांनी या पद्धतीने परत बोलावले. देशातील हे पहिले उदाहरण मानले जाते. मध्य प्रदेशाच्या विभाजनानंतर छत्तीसगडमध्ये हाच कायदा चालू राहिला आणि जून २००८ मध्ये गुंडरदेही, नवागढ व राजपूर या तीन नगरपंचायतींच्या अध्यक्षांना मतदारांनी एकाच वेळी पदावरून दूर केले. राजस्थानने २०११ मध्ये अशी तरतूद केली. तेथे बारां जिल्ह्यातील मांगरोळ येथे डिसेंबर २०१२ मध्ये मतदान झाले, तेव्हा मतदारांनी अध्यक्षांना पदावर कायम ठेवले.

या अनुभवातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला निष्कर्ष आश्वासक आहे. मतदार या अधिकाराचा वापर करू शकतात आणि प्रत्येक वेळी ते 'हटवा' असाच कौल देतात असे नाही. मांगरोळच्या मतदारांनी नगरसेवकांच्या बहुमतापेक्षा वेगळा विचार केला. दुसरा निष्कर्ष सावध करणारा आहे. या प्रक्रियेचा आरंभ मतदार करीत नाहीत, नगरसेवक करतात. अध्यक्षाशी ज्यांचे हितसंबंध जुळत नाहीत अशा तीन-चतुर्थांश सदस्यांनी ठरविले तरच 'खाली कुर्सी' मतपत्रिकेवर येते. नागरिक कितीही असंतुष्ट असले आणि नगरसेवक व अध्यक्ष यांचे सूत जुळलेले असले, तर मतदान होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मतदारांना शेवटचा शब्द मिळाला, पहिला शब्द मात्र मिळाला नाही.

बिहारच्या २००७ च्या नगरपालिका अधिनियमान्वये स्वीकारलेली पद्धत याहून निराळी होती. तेथे प्रभागातील दोन-तृतीयांश मतदारांनी सह्यांनिशी अर्ज केल्यास नगरसेवकाला दूर करण्याचा मार्ग ठेवण्यात आला. येथे पहिला शब्द मतदारांना मिळाला, परंतु अट इतकी अवघड की तिचा वापर होणे दुरापास्त. शिवाय सही उघड असते. गुप्त मतदानाचे संरक्षण तिला नसते.

५. महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात 'परत बोलावणे' हा शब्द कायद्यात ठळकपणे नसला, तरी त्या विचाराचे दोन अंश येथे आढळतात आणि दोन्ही सर्वसामान्य लोकांच्या परिचयाचे आहेत.

पहिला अंश ग्रामपंचायतीचा. २०१७ मध्ये सरपंचाची निवड थेट जनतेतून करण्याची दुरुस्ती झाली, तेव्हा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३५ मध्येही बदल करण्यात आला. अशा सरपंचाविरुद्ध एकूण सदस्यांच्या तीन-चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव संमत झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली विशेष ग्रामसभा भरवावी आणि तेथे गुप्त मतदानाने त्या ठरावाला मान्यता घ्यावी, अशी ही पद्धत होय. निवडणुकीनंतरची पहिली दोन वर्षे व मुदत संपण्यापूर्वीचे सहा महिने असा ठराव आणता येत नाही. थेट निवडीची पद्धत २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा स्वीकारण्यात आली. येथेही आरंभ सदस्यांच्या हाती आणि अंतिम निर्णय ग्रामस्थांच्या हाती, अशी मध्य प्रदेशासारखीच विभागणी आहे.

दुसरा अंश दारूबंदीचा. गावातील अथवा शहरी प्रभागातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी २००८ च्या शासकीय आदेशाने मतदानाची पद्धत घालून दिली. २५ टक्के महिला मतदारांनी अथवा तितक्याच प्रमाणात एकूण मतदारांनी मागणी करावयाची, प्रशासनाने सह्यांची पडताळणी करावयाची आणि मग 'उभी बाटली' व 'आडवी बाटली' या चिन्हांवर गुप्त मतदान घ्यावयाचे. एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडल्यास दुकान बंद होते. ही पद्धत व्यक्तीविरुद्ध नसून परवान्याविरुद्ध आहे, हे खरे. तथापि सह्यांचा अर्ज, पडताळणी आणि प्रभागनिहाय गुप्त मतदान ही प्रत्यावाहनाची सर्व अंगे तिच्यात आहेत आणि पहिला शब्दही मतदारांचाच आहे. शहरी भागात असे मतदान घेणे प्रशासनाला शक्य नाही, हा आक्षेप या उदाहरणाने निकालात निघतो.

महानगरपालिकेच्या बाबतीत मात्र चित्र वेगळे आहे. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात, जो आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जातो, नगरसेवकाला मुदतीपूर्वी दूर करण्याचे मार्ग अपात्रता आणि गैरवर्तनाबद्दल शासनाची कारवाई हेच आहेत. जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर न केल्यास पद जाते. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक ठरविली, तेव्हा कोल्हापूर महानगरपालिकेतील अनेक नगरसेवकांचे सदस्यत्व संकटात आले आणि राज्य शासनाला मुदत वाढविणारी दुरुस्ती करावी लागली. या सर्व प्रक्रियेत मतदाराला कोठेही स्थान नाही.

एखाद्या प्रभागातील नागरिकांनी काही हजार सह्या गोळा करून नगरसेवकाला परत बोलावण्याची मागणी केली, असे समजू. हे निवेदन कोणाला द्यावयाचे? महापालिका आयुक्तांना नगरसेवकाचे पद काढून घेण्याचा अधिकार नाही. असे निवेदन स्वीकारून मतदान घ्यावे अशी तरतूद नसल्याने जिल्हाधिकारी ते फार तर शासनाकडे पाठवितील. राज्य निवडणूक आयोग कायद्यात नसलेली निवडणूक घेऊ शकत नाही. सह्यांचे ते कागद जनमताचे दर्शन घडवितील, राजकीय पक्षावर नैतिक दडपणही आणतील, परंतु त्यांतून कोणताही कायदेशीर परिणाम निष्पन्न होणार नाही.

याच अधिनियमात परत बोलावण्याची एक तरतूद मात्र आहे. कलम ३६ अन्वये एकूण नगरसेवकांपैकी किमान पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव संमत केल्यास शासनाने आयुक्तांना परत घ्यावे, असे म्हटले आहे. सोलापूरच्या १०२ सदस्यांच्या सभागृहात त्यासाठी ६४ मते लागतील. नवी मुंबई महानगरपालिकेने २५ ऑक्टोबर २०१६ रोजी तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध १०४ विरुद्ध ६ मतांनी असा ठराव केला. तरीही शासनाने त्यांना लगेच परत बोलावले नाही. त्यांची बदली मार्च २०१७ मध्ये झाली. त्या वेळी शहरातील अनेक नागरिक आयुक्तांच्या बाजूने उभे राहिले होते. म्हणजे कायद्याप्रमाणे नगरसेवक आयुक्तांना परत पाठवू शकतात, आयुक्त शासनाला उत्तरदायी असतात आणि ज्या नागरिकांसाठी हा सारा व्यवहार आहे ते यांपैकी कोणालाही परत बोलावू शकत नाहीत.

६. सोलापूर : परत बोलवावयाचे कोणाला?

सोलापूर नगरपालिकेची परंपरा एकोणिसाव्या शतकातील आहे. १९३० च्या आंदोलनात नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकाविणारे हे शहर, त्याच वर्षी लष्करी कायदा सोसून पुढे चार हुतात्मे देणारे हे शहर, नागरी हक्कांच्या बाबतीत उदासीन होते असे कोणी म्हणणार नाही. १ मे १९६४ रोजी येथे महानगरपालिका अस्तित्वात आली. १९९२ च्या हद्दवाढीने भोवतालची गावे शहरात आली आणि नागरी सेवांचा भार वाढला. आजच्या रचनेत २६ प्रभाग व १०२ सदस्य आहेत. त्यांतील २४ प्रभाग चार सदस्यांचे आणि दोन प्रभाग तीन सदस्यांचे आहेत.

या रचनेत उत्तरदायित्वाचा धागा कोठे तुटतो, हे पाणीपुरवठ्याच्या उदाहरणाने स्पष्ट होते. शहराला मुख्यतः उजनी धरणातून, तसेच भीमेवरील टाकळी येथून व हिप्परगा तलावातून पाणी मिळते. धरणातील पाण्याचे नियोजन जलसंपदा विभागाकडे आहे. शहरांतर्गत वितरण महापालिकेकडे असून त्याची कार्यकारी सत्ता आयुक्तांकडे आहे. उजनीपासूनच्या समांतर जलवाहिनीचे काम २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत शहराची निवड झाल्यावर स्थापन झालेल्या कंपनीकडे गेले. निधी केंद्र व राज्य शासनाचा. अशा वेळी पाणी चार दिवसांनी आले म्हणून प्रभागातील कोणत्या नगरसेवकाला परत बोलवावयाचे? एका प्रभागातून अ, ब, क, ड अशा चार जागांवर चार नगरसेवक निवडून येतात. प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवू शकतो आणि चौघे मिळून प्रशासनाकडे. महापौरांची निवड नगरसेवकांतून होते, मतदारांकडून नव्हे. जिल्ह्यातील पंढरपूर अथवा बार्शीचा मतदार निदान नगराध्यक्ष थेट निवडतो. त्याहून कितीतरी मोठ्या सोलापूरच्या मतदाराला आपल्या शहराचा प्रमुख थेट निवडता येत नाही.

प्रभागांच्या रचनेतील अस्थिरता हीही एक अडचण आहे. राज्यात २००२ मध्ये त्रिसदस्यीय, २००७ मध्ये एकसदस्यीय, २०१२ मध्ये द्विसदस्यीय आणि २०१७ मध्ये चारसदस्यीय पद्धतीने महापालिका निवडणुका झाल्या. मतदाराला आपला नगरसेवक कोण हेच दर पाच वर्षांनी नव्याने शिकावे लागत असेल, तर त्याने केलेल्या कामाचा हिशेब कोण ठेवणार?

याहून गंभीर बाब २०२२ नंतर अनुभवास आली. मार्च २०२२ मध्ये सोलापूर महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. संविधानाच्या अनुच्छेद २४३-यू प्रमाणे मुदत संपण्यापूर्वी निवडणूक होणे अपेक्षित असते आणि २००६ च्या 'किशनसिंह तोमर' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन ठामपणे सांगितले होते. तथापि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांवरील वादात निवडणुका लांबल्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या घेण्याचे निर्देश दिले आणि अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांबरोबर सोलापुरातही मतदान झाले. म्हणजे जवळजवळ चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. त्या काळात परत बोलावण्यास नगरसेवकच नव्हते. परत बोलावण्याचा अधिकार मागणाऱ्या नागरिकाचा निवडून देण्याचा अधिकारच स्थगित झाला होता, हे या चर्चेत विसरून चालणार नाही.

७. प्रमुख आक्षेप आणि त्यांचा विचार

पहिला आक्षेप अस्थिरतेचा आहे. सतत टांगती तलवार असेल तर प्रतिनिधी दूरगामी परंतु अप्रिय निर्णय घेणार नाही, असे म्हटले जाते. पाणीपट्टीची वसुली, अतिक्रमण हटविणे, रस्तारुंदी हे निर्णय असेच आहेत. आक्षेपात तथ्य आहे. परंतु पहिल्या दोन वर्षांचे संरक्षण व एका मुदतीत एकच मतदान, या मर्यादांनी तो बराच सौम्य होतो.

दुसरा आक्षेप संख्येचा आहे आणि तो एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेता येईल. एका प्रभागात ३०,००० मतदार आहेत व ५५ टक्के मतदान झाले असे धरू. म्हणजे १६,५०० मते पडली. बहुरंगी लढतीत ४० टक्के, म्हणजे ६,६०० मते मिळवून एक उमेदवार विजयी झाला. त्याला परत बोलावण्यासाठी एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे १५,००१ मतांची अट ठेवली, तर झालेल्या मतदानाच्या ९० टक्क्यांहून अधिक मते विरोधात जावी लागतील. हे जवळजवळ अशक्य आहे. उलट केवळ झालेल्या मतदानाचे बहुमत पुरेसे मानले आणि त्या दिवशी २० टक्केच, म्हणजे ६,००० मतदार बाहेर पडले, तर ३,००१ मतांनी ६,६०० मतांचा कौल रद्द होईल. पहिल्या पद्धतीत अधिकार कागदावर राहतो, दुसऱ्या पद्धतीत तो संघटित अल्पसंख्येच्या हाती जातो.

तिसरा आक्षेप सामाजिक आहे व तो सर्वांत गंभीर मानला पाहिजे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सोलापूरच्या सभागृहात त्या ५१ होतात. अनुसूचित जाती, जमाती व मागासवर्गीयांच्या जागा आहेतच. अविश्वास ठरावाचे शस्त्र राखीव जागेवरील प्रतिनिधीवर अधिक सहजतेने उगारले जाते, हे ग्रामपंचायतींच्या अनुभवातून कायदेमंडळानेही मान्य केले होते. म्हणूनच सरपंचाविरुद्धच्या ठरावाला सामान्यतः दोन-तृतीयांश बहुमत पुरेसे असताना महिलांसाठी राखीव पदाच्या बाबतीत तीन-चतुर्थांश बहुमताची अट घातली गेली. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू अशा चार भाषांच्या, निरनिराळ्या समाजांच्या वस्त्यांनी बनलेल्या सोलापूरसारख्या शहरात सह्यांची मोहीम एखाद्या समाजाच्या प्रतिनिधीविरुद्धची मोहीम होण्यास वेळ लागणार नाही. विडी कारखान्यात काम करणाऱ्या महिलेला मालकाच्या अथवा वस्तीतील पुढाऱ्याच्या माणसाने सही करण्यास सांगितले, तर ती नकार देऊ शकेल काय, याचाही विचार झाला पाहिजे.

८. तरतूद कशी असावी?

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

(१) प्रत्यावाहनाचा अधिकार सत्ताधारी पदाशी जोडावा. महापौर थेट निवडून यावा व त्याच्याकडे कार्यकारी अधिकार असावेत, असा बदल झाल्यास महापौराबाबत हा अधिकार अर्थपूर्ण ठरेल. नगरसेवकाबाबत तो आणावयाचा असेल, तर त्यापूर्वी एकसदस्यीय प्रभाग स्वीकारावा लागेल.

(२) आरंभ मतदारांच्या अर्जाने व्हावा. दारूबंदीच्या मतदानातील २५ टक्क्यांची अट येथे आधारभूत मानता येईल. नगरसेवकांच्या ठरावाची पूर्वअट नसावी.

(३) सह्यांची पडताळणी व गुप्त मतदान राज्य निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली व्हावे. सह्या करणाऱ्यांची नावे जाहीर करू नयेत.

(४) विरोधी मते दोन कसोट्यांना उतरावीत. ती झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक असावीत आणि प्रतिनिधीला निवडून येताना मिळालेल्या मतांपेक्षाही अधिक असावीत. वरील उदाहरणात ही किमान संख्या ६,६०१ होईल. ती असाध्य नाही आणि क्षुल्लकही नाही.

(५) राखीव जागा प्रत्यावाहनानंतर त्याच प्रवर्गासाठी राखीव राहावी, म्हणजे प्रस्थापितांना त्यातून लाभ होणार नाही.

(६) या सर्वांपूर्वी क्षेत्रसभा प्रत्यक्षात आणावी. २००९ च्या दुरुस्तीने महाराष्ट्राच्या नागरी कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली, परंतु ग्रामसभेला जे अस्तित्व आहे ते तिला लाभले नाही. ज्याला वर्षातून दोन वेळा समोर बसवून हिशेब विचारता येतो, अशा प्रतिनिधीला परत बोलावण्याची वेळ क्वचितच येते.

९. निष्कर्ष

परत बोलावण्याचा अधिकार लोकशाहीविरोधी नाही आणि भारतात अव्यवहार्यही नाही. अनूपपूर, गुंडरदेही व मांगरोळ येथील मतदारांनी तो जबाबदारीने वापरता येतो हे दाखविले आहे. तथापि भारतातील बहुतेक तरतुदींत त्याची किल्ली मतदाराऐवजी नगरसेवकांच्या अथवा शासनाच्या हाती राहिली. सोलापूरच्या बाबतीत अडचण आणखी मूलभूत आहे. येथे ज्याला मतदार निवडतो त्याच्याकडे पुरेशी सत्ता नाही आणि ज्याच्याकडे सत्ता आहे त्याला मतदार निवडत नाही. ही रचना कायम ठेवून केवळ प्रत्यावाहनाचे कलम जोडल्यास पाण्याचा प्रश्न सुटणार नाही. एका नगरसेवकाच्या जागी दुसरा येईल आणि नळाचा वार तोच राहील.

म्हणून या मागणीचा क्रम बदलणे इष्ट ठरेल. वेळेवर निवडणूक, एका प्रभागाला एक प्रतिनिधी, शहराला थेट उत्तरदायी प्रमुख, नियमित क्षेत्रसभा आणि त्यानंतर परत बोलावण्याचा अधिकार, असा तो क्रम असावा. राज्यशास्त्र, विधी व लोकप्रशासन या विषयांच्या अध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून प्रभागनिहाय अभ्यास करवून घेतल्यास, आपल्या प्रभागातील कोणती सेवा कोणत्या कार्यालयाच्या अखत्यारीत येते याचा साधा तक्ता जरी तयार झाला, तरी नागरिकांच्या असंतोषाला योग्य दिशा मिळेल. उत्तर कोणाला मागावयाचे हे ठाऊक असणे, ही कोणाला परत बोलवावयाचे हे ठरविण्याची पहिली पायरी होय.